डावं दार

"रबर जाड आहे तुझं," असं म्हणून मिस्त्रींनी गाडीचं डावं दार पुन्हा आपटलं.

लागलं नाही. चार दिवसांत ते एकदाही लागलं नव्हतं, आणि दर वेळी दोष माझ्या रबराचा होता. मी ते दोनदा तासलं, एकदा बदललं. आता तासायला फक्त माझं डोकं उरलं होतं.

"मिस्त्री, हेच रबर उजव्या दाराला आहे. ते कसं लागतं?"

"ते मी बसवलंय."

"आणि डावं कोणी, शेजाऱ्यानं?"

"हल्ली फार बोलायला लागलायस. टप शिव तुझा."

टपच तर बसत नव्हता. उजवीकडून कापड ताणलं की डावीकडे दोन बोटं चुण्या पडत. तीस वर्षं मी उघड्या गाड्यांचे कापडी टप आणि गाद्या शिवतोय, याच शेडच्या कोपऱ्यात, याच माणसाची बोलणी खात. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे कबूल. पण स्वभाव! खडूनं आखून काम करणारा दिसला की म्हणायचे, "रेघा शाळेत आखतात." आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "चाळीस वर्षांत माझं एकही काम परत आलेलं नाही." हे खरं होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

ही गाडी एका बाईंच्या नवऱ्याची. ते गेल्यावर दहा वर्षं परसात गंजत पडलेली. मिस्त्रींनी ती पार सुटी केली. बॉडी खालच्या सांगाड्यावरून, म्हणजे चासीवरून, उचलली, चासीचा कुजलेला भाग कापून नवा जोडला, बॉडी परत बसवली. दीड वर्ष गेलं त्यात. आज अकरा वाजता बाई बघायला येणार होत्या आणि दार तोंड वासून उभं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं पुटपुटत मी दारात ठोकायला पाचर शोधू लागलो.

भंगाराच्या ढिगात ते पाइप हाताला लागले.

उघड्या गाडीला वर छप्पर नसतं. तिची बॉडी उचलायची तर आधी दोन्ही दारांच्या जागी आडवे पाइप वेल्डिंग करून जोडावे लागतात, नाहीतर ती मधोमध खचते. हा पहिला धडा, आणि तो मला मिस्त्रींनीच दिलेला. उजवीकडच्या पाइपची दोन्ही टोकं वेल्डिंगनं काळी झाली होती. डावीकडच्या पाइपचं एक टोक काळं होतं. दुसरं कोरं करकरीत.

मी जाऊन डाव्या दाराच्या खांबाला आतून हात लावला. पाइप जिथे टेकला होता तिथे ओरखडा होता. वेल्डिंगचा टाका पडला होता, पण ओरखड्याच्या बोटभर खाली, नुसत्या खांबावर. पाइप त्या टोकाला जोडलाच गेला नव्हता, आणि डावी बाजू खचली होती.

मला एकदम आठवलं. गेले कित्येक महिने मिस्त्री रंगाच्या डब्यांवरची नावं माझ्याकडून वाचून घेत होते. चष्मा घरी राहिला म्हणत. चष्मा रोज घरी राहत होता, आणि मी गाढव रोज वाचून दाखवत होतो.

"काय आणलंस ते?" मिस्त्रींनी विचारलं.

मी पाइप त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्यानं एक टोक चाचपलं, मग दुसरं. अंगठा कोऱ्या टोकावर तसाच राहिला.

तेवढ्यात बाई आल्या. कौतुकानं गाडीभोवती फिरल्या आणि नेमकं डावं दार ओढलं. "हे लागत नाही का हो?"

मिस्त्री पाइपकडे बघत उभे. चार दिवसांच्या बोलण्यांचा वचपा काढायची याहून चांगली वेळ मिळाली नसती. ओठांवर आलंही होतं. पण तो अंगठा मला बघवत नव्हता.

"माझं रबर जाड झालं, बाई," मी म्हणालो. "सगळं काढून पुन्हा बसवतो. तीन आठवडे द्या."

"एवढे जुने कारागीर तुम्ही, आणि साधं रबर कळू नये?"

"चार दिवस मी हेच सांगतोय त्याला," मिस्त्री म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सुंभ जळाला तरी पीळ जाईना! बाई गेल्या तशी मी कात्री पिशवीत टाकली. "चाललो मी घरी. तुमचं दार तुम्ही बघा."

मिस्त्रींनी बॉडीचे बोल्ट सैल केले, बरोबर मधोमध जॅक लावला आणि बॉडी हळूहळू उचलली, दाराची फट वरखाली सारखी होईपर्यंत. ती फट ते बोटांनी मोजत होते. मग पाइप जागेवर घट्ट अडकवला आणि वेल्डिंगची काडी हातात घेतली. तसेच उभे राहिले. काडी खाली ठेवली, माझ्या डब्यातून शिवणाचा खडू काढला आणि दुसरीकडे बघत माझ्यापुढे धरला.

"खूण कर."

मी पिशवी ठेवली. पाइपच्या टोकाशी रेघ ओढली.

"दिसेल अशी कर."

त्याच रेघेवरून पुन्हा खडू फिरवला. आणि पुन्हा.

एका हातानं त्यांनी काळी काच चेहऱ्यापुढे धरली, दुसऱ्या हातानं काडी पुढे आणली. ती रेघेच्या बोटभर खाली आली. मी त्यांचं मनगट धरलं आणि वर घेतलं.

"मला शिकवू नकोस," काचेआडून आवाज आला.

पण मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही. माझ्यापुढे काच नव्हती; ठिणगी पडायच्या आत मी डोळे मिटून घेतले.