ड्यूटीबाहेर

रक्तदाबाच्या पट्ट्याची रबरी नळी कशीही गुंडाळली तरी डब्याचं झाकण लागत नव्हतं... तीन महिन्यांपूर्वी, रविवारी दुपारी, हाच पट्टा तिने समोरच्या काकांच्या दंडाला बांधला होता — 'सिस्टर शेजारी असताना दवाखान्यात कशाला जायचं,' म्हणत ते आले होते, छाती चोळत, हसत. दाब ठीक होता. जळजळतंय म्हणाले. पित्त असेल, ती म्हणाली, उद्या डॉक्टरांना दाखवा हं... आणि त्याच संध्याकाळी काका हृदयविकाराने गेले.

आता त्यांच्या मुलाने तक्रार केली होती. नर्सिंग परिषदेची नोटीस तिने आज सकाळी मेट्रनना दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"अशा तक्रारींसाठीचा रुग्णालयाचा विमा वॉर्डातल्या कामापुरता असतो गं. घरी तू कोणाला काय सांगितलंस, त्यात आम्ही कसे येणार?"

आणि आपण वीस वर्षं 'आमचं रुग्णालय' म्हणत आलो! गेल्या वर्षी कपडे बदलायच्या खोलीत मैत्रीण फॉर्म घेऊन मागे लागली होती — स्वतःचा विमा काढ, ड्यूटीबाहेरचंही येतं यात, वेळ आली तर तुझा म्हणून वकील मिळतो. मी काय म्हणाले? 'मला कोण कोर्टात खेचणार, माझे शेजारी?' सगळ्याजणी हसल्या होत्या. सगळ्यांत मोठ्याने मीच.

बेल वाजली. दारात काकू.

"समोरच्यांशी एक शब्द बोलायचा नाही," नवऱ्याने बजावलं होतं. तो मागेच उभा होता.

"भांडायला नाही आले मी," काकू म्हणाल्या. "मुलाने केलं ते मला पटलेलं नाही. एवढंच सांग — डावा हात दुखतोय, असं काही म्हणाले होते का ते तुला? मला तर काहीच बोलले नाहीत."

घाम येतोय का, हात दुखतोय का — वॉर्डात हे प्रश्न तिच्या तोंडून झोपेतही आले असते. त्या दुपारी मात्र अर्धा जीव गॅसवरच्या दुधात होता...

"नाही काकू, तसं काही म्हणाले नाहीत."

"म्हणजे तुलाही नाही सांगितलं." काकूंनी सुस्कारा सोडला, मान हलवली. "असेच होते ते." आणि हलक्या पावलांनी घरी गेल्या.

"बरं बोललीस," नवरा म्हणाला.

खोटं नव्हतंच ते. पण विचारलं कुठे होतं मी? — हे कोणाला सांगायचं? दार लावून 'माझा म्हणून' असलेल्या वकिलासमोर बसायला हवं होतं. त्याने आधी नुसतं ऐकून घेतलं असतं, मग काय बोलायचं, कसं बोलायचं, ते दोघांनी ठरवलं असतं... नवरा, मेट्रन, काकू — ज्याला सांगावं तो यात गुंतलेला. सकाळपासून तिला धास्ती होती ती नोटिशीची. ती कुठे विरली कळेना. तिच्या जागी काकूंचं ते समाधानाने मान हलवणं येऊन बसलं होतं, आणि तिथून हलायचं नाव घेत नव्हतं.