पेंटरबाईंचा मुखवटा

मी एक जुना मुखवटा आहे. मित्रांनो, तुम्हाला नाटकातला रंगीत, मिशीवाला मुखवटा आठवला असेल. मी तसा नाही. मी पांढऱ्या प्लास्टिकचा, जाळीसारखा भोकाभोकांचा आहे आणि रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीवर पडून आहे. मी अवघे पाच दिवस काम केले. पण त्या दिवसांत माझ्यात जो राग भरला, तो अजून उतरलेला नाही.

आधी मी नुसता सपाट होतो. एका सकाळी तंत्रज्ञ ताईंनी मला गरम पाण्यात मऊ केले आणि एका बाईंच्या चेहऱ्यावर ओढून बसवले. मी थंड झालो तेव्हा त्यांचे नाक, हनुवटी, कपाळावरची खोक, सगळे माझ्यात उतरले होते.

त्या बाई दुकानांच्या पाट्या रंगवत. सगळे त्यांना पेंटरबाई म्हणत. छातीतला त्यांचा कर्करोग दोन वर्षांनी मेंदूत पोचला होता. डोके इतके ठणके की उलट्या होत. उजवा हात थरथरे. म्हणून डोक्याला किरणांचा शेक द्यायचा होता. तेव्हा डोके जराही हलू नये, यासाठी मी होतो. मला चेहऱ्यावर चढवून खटक्यांनी टेबलाला पक्के अडकवत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "ताई, यानं मी बरी होईन ना?"

उत्तर दिले ते त्यांच्या थोरल्या मुलाने. "होशील गं आई. महिन्याभरात शिडीवर चढशील बघ."

"चढायलाच हवं. औषधालयाची पाटी अर्धी टाकून आलेय. नुसता 'औ' झालाय. लोकांना वाटेल, दुकानदार कण्हतोय!"

सगळे हसले. मला मात्र चीड आली, कारण खरे काय ते बाई सोडून सगळ्यांना ठाऊक होते. हा शेक आजार बरा करणार नव्हता. डोकेदुखी हटावी, उरलेले दिवस जरा सुखाचे जावेत, एवढ्यासाठी तो होता. तेही काही थोडे नव्हे. पण "आईला सांगू नका, ती खचेल," असे मुलाने डॉक्टरांना विनवले होते आणि डॉक्टरांनी ते ऐकले होते. संमतीच्या कागदावर सहीसुद्धा मुलाचीच. सगळे गाव ज्यांचे अक्षर वाचत होते, त्यांना तो एक कागद कोणी वाचायला दिला नाही!

तिसऱ्या दिवशी खटके लागले. मुलगा आणि डॉक्टर दारातच बोलत उभे राहिले.

"डॉक्टर, अजून किती दिवस?"

"दोन-तीन महिने. डोकेदुखी मात्र कमी होईल."

मुखवटा चढला की माणसाचे कान बंद होतात, असे यांना कोणी सांगितले? माझ्याखाली बाईंचा श्वास अडखळला. डोळ्यांतले पाणी कानांकडे ओघळले. त्यांना बोलायचे होते, पण जबडा मी आवळून धरला होता. मित्रांनो, त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त राग माझाच आला.

त्यांनी हात वर केला. 'थांबा' म्हणायची ती खूण होती. ताईंनी धावत येऊन मला काढले. बाई उठून बसल्या. चेहराभर माझ्या जाळीचे लाल वळ उठले होते.

"डोकं माझं, मरण माझं आणि बोलणी तुमची? मला बांधून ठेवून ठरवताय होय रे?"

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास तुला नको होता! मी रडले असते, ते तुला बघवलं नसतं." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "आता तुम्ही बोला. याच्याशी नको, माझ्याशी."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग स्टूल ओढून ते समोर बसले. बाईंनी सगळे विचारले. हात सुधारेल का? केस जातील का? शेक नाकारला तर काय होईल? जिथे ठाऊक नव्हते, तिथे डॉक्टरांनी "सांगता येत नाही" हेही कबूल केले.

"राहिलेले तीन शेक घेते," बाई म्हणाल्या. "डोकं ठणकायचं थांबलं तरी पुष्कळ. तो कागद आणा."

त्यांनी थरथरत्या हाताने सही केली. "अक्षर घाण आलंय. पण माझं आहे."

शेवटच्या दिवशी ताईंनी विचारले, "मुखवटा घरी न्यायचाय?"

"नको बाई. याचं तोंड पुन्हा बघायचं नाही मला!"

त्यांचे चुकले नाही.

दहा आठवड्यांनी मुलगा एकटाच आला. मला हातात घेऊन ताईंना म्हणाला, "आई गेली. डोकं दुखायचं थांबलं होतं तिचं. हात नाही सुधारला. आठ दिवस माझ्याशी बोललीच नाही. मग मात्र सगळं बोलली. पण तिला कळायच्या आधीचे वीस दिवस मी खोटं बोलत बसलो. ते कुठून आणू?"

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

मित्रांनो, घरात कोणी आजारी पडले तर त्याला जपा. औषध द्या, पाय चेपून द्या. पण त्याच्या आजाराचे बोलायचे असेल, तेव्हा त्याच्यासमोर बसा आणि त्याच्याशीच बोला. मी प्लास्टिकचा आहे, आणि मलासुद्धा एवढे कळते.