माळावरच्या म्हातारीचे बोट

मित्रांनो, मी एक जुनी दगडांची म्हातारी आहे. आइसलंडच्या एका उंच माळावर, वाटेच्या कडेला उभी असते. मला हात नाहीत, पाय नाहीत. आहे ते एकच बोट. म्हणजे माझ्या कमरेतून बाहेर आलेला एक लांबट दगड. तो उत्तरेला, वस्तीकडे दाखवतो. बर्फात काही दिसेनासे झाले, की माणसे मला चाचपतात आणि बोट धरून घरी पोचतात.

मला कोणा एकाने घडवले नाही. या वाटेने पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने माझ्यावर एक दगड ठेवायचा, अशी इथली रीत. तशीच मी वाढले. माळावर झाड औषधालाही नाही, वारा मात्र हवा तेवढा. उन्हाळ्यात सूर्य मावळायचे नाव घेत नाही, तेव्हा मेंढ्या माझ्या अंगावर पाठ घासतात. हिवाळ्यात तो जेमतेम तोंड दाखवून पळतो. मग मी आणि हिमनदीवरून येणारा वारा. आमचे बरे जमते.

माझा खरा मान निराळाच आहे. लोक मेंढीच्या पोकळ हाडात कविता लिहिलेला कागद खुपसतात आणि ते हाड माझ्या फटीत ठेवतात. कविता चावट, आणि नाव माझे! जणू मीच मागून येणाऱ्याची टिंगल करते. माझ्या तोंडी काय काय घातले आहे, ते तुम्हाला न सांगितलेलेच बरे.

एका उन्हाळ्यात हाफ्लिदी नावाचा मेंढपाळ आला. मागून येणाऱ्या स्टेनुन या शेजारणीसाठी त्याने चार ओळी रचल्या होत्या. हाड कुठेच नीट बसेना. मग पठ्ठ्याने माझे बोट उपसले, त्या भोकात हाड घातले, बोट पलीकडच्या बाजूला खोचले आणि शीळ घालत निघून गेला. आता माझे बोट हिमनदीच्या भेगांकडे दाखवत होते. मला रडू आले, पण दगडाचे रडणे कोणाला कळते? स्टेनुन आली, कविता वाचून हसली आणि गेली. लख्ख उजेडात बोटाकडे कोण बघतो!

उन्हाळा सरल्यावर माळावरच्या मेंढ्या खाली न्यायला ते दोघे घोड्यांवरून आले, तोच अवेळी बर्फाचे वादळ उठले. समोरचे घोडेही दिसेनात.

"सापडलं गं बोट!" हाफ्लिदी ओरडला. "चल, इकडे!"

पण कळपाची म्होरकी मेंढी गोल्सा पाय रोवून उलट दिशेला तोंड करून उभी राहिली.

"ओढ तिला! थंडीनं डोकं फिरलंय हिचं."

"गोल्सा वादळात कधी चुकली नाही," स्टेनुन म्हणाली. "तुझं काही सांगता येत नाही."

तिने हातमोजा काढून मला चाचपले. माझ्या अंगभर शेवाळ, पण बोटाच्या मुळाशी शेवाळ नाही आणि बोट हलते आहे. ती वळसा घालून पलीकडे गेली. तिथे हाताला हाड लागले.

"हाफ्लिदी, बोटाच्या जागी तुझं हाड कसं रे आलं?"

तो म्हणाला, "अगं... कविता मावत नव्हती."

"चार ओळींपायी दोन घरच्या मेंढ्या भेगेत घालायला निघालास! आणि वर आपल्यालाही!"

"पण कविता कशी होती?"

"भिकार. चल आता!"

गोल्साच्या मागोमाग सगळे बर्फात दिसेनासे झाले. पोचले की नाही, मला कोण सांगणार? तो सगळा हिवाळा माझा जीव टांगणीला लागला होता.

उन्हाळा आला आणि वाटेवरून भांडणाचा आवाज आला. ते दोघेच! इतके गोड भांडण मी जन्मात ऐकले नव्हते. हाफ्लिदीने स्वतःच्या हाताने बोट जागेवर बसवले, भोवती शेवाळ दाबले. स्टेनुनने माझ्या तोंडी नवी कविता घातली:

हाड घाल, हाफ्लिदी, हवे तितके गा,
म्हातारीचे बोट मोडून घर शोधशील का?

मित्रांनो, या वाटेने आलात तर माझी खुशाल टिंगल करा, मला आवडते. जमले तर एक दगड ठेवा. काढू मात्र नका. तुमच्या मागून कोणीतरी बर्फात चाचपडत येत असते.