तारबाबाची तार आणि श्रियाचा पाय

बाजाराच्या दिवशी लोहाऱ्याच्या एसटी स्टँडमागे पाय ठेवायला जागा नव्हती. तारबाबाने बोटभर लांबीची तार सगळ्यांदेखत वेडीवाकडी केली. "हे तुमचं वाकडं हाड!" मग काहीतरी पुटपुटत ती कढत तीर्थात सोडली. तार क्षणात सुतासारखी सरळ! बायांनी हात जोडले, बाप्यांनी टोप्या काढल्या.

त्या गर्दीत माझी धाकटी बहीण भाग्यश्री होती, कडेवर चार महिन्यांची श्रिया. पोर जन्मली तीच डावा पाय आत वळलेला घेऊन. धाराशिवच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून तो सरळ केला होता, आणि तसाच राहावा म्हणून दांडीने जोडलेले बूट दिले होते. बूट घातले की श्रियाचा रडून रडून घसा बसायचा.

"तारेला कुणी बूट घातलं व्हतं का, माय?" बाबा म्हणाला. "काढून टाक. पाय सरळ केला म्या."

भाग्यश्रीने बूट काढले. पाय सरळच होता! प्लास्टरचं श्रेय बाबाने फुकटात लाटलं.

मी ढोकीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तिने फोनवर तारेची गोष्ट सांगितली तेव्हा मी नुसता हसलो. बुटांचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

तीन महिन्यांनी सुट्टीला तिच्या घरी गेलो. भाग्यश्रीने दुपटं बाजूला केलं. "दादा, हे बघ की." टाच पुन्हा आत वळली होती.

पुढच्या बाजारी आम्ही दोघं तिथं गेलो. बाबाच्या ताटातली तार उचलून मी वाकवली आणि हातातल्या कढत चहात बुडवली. मंत्र नाही, तीर्थ नाही, तरी तार सरळ. "आता गार पाण्यात करून दाखवा," मी म्हणालो. बाबाने मंत्र तीनदा म्हटला. तार वाकडीच राहिली.

"मग ही भानगड काय हाय, मास्तर?" भाग्यश्रीच्या शेजारी राहणाऱ्या तात्यांनी गर्दीतून विचारलं.

"तात्या, ही निकेल आणि टायटॅनियमची तार. दातांचे डॉक्टरसुद्धा वापरतात. साधी तार वाकवली की आतले अणू शेजारी सोडून दुसरीकडं जुळतात, म्हणून ती वाकडीच राहते. हिच्यात अणूंच्या ओळी नुसत्या कलतात, शेजाऱ्याची पकड सुटत न्हाय. ऊब लागली की ओळी पुन्हा जागेवर. तार तिच्या पहिल्या आकारावर जाते."

बाबा ताट आवरू लागला. भाग्यश्री मात्र हलली नाही.

"दादा," ती हळूच म्हणाली, "पाय बी तसाच पहिल्या आकारावर गेला व्हय?"

"व्हय."

ती तिथंच मातीत बसून रडली. मलाही रडू आवरलं नाही.

आता पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर सुरू आहे. कदाचित शस्त्रक्रिया लागेल, असं डॉक्टर म्हणतात. चमत्कार दिसला तर तो गार पाण्यातही होतो का, हे जरूर विचारा. पण घरातलं कुणी भुललं असेल तर माझ्यासारखं हसू नका. आधी जाऊन बघा, लेकराच्या पायात बूट आहेत का.