आतल्या बाजूची चीर

"ताई, तुम्ही नुसते टायर चढवून द्या हो. बाकीचं मी बघतो," असं म्हणत राजीवने शनिवारी सकाळी ती चार सोनेरी चाकं माझ्या मशीनशेजारी एकावर एक रचली.

एकोणीस इंची! मी त्याला सतरा सांगितली होती. एकदा नाही, महिनाभर. कणीक मळता मळता हात धुऊन मी त्याच्या व्हॉट्सॲपला उत्तरं दिली होती. रोजची गाडी रेसट्रॅकवर पळवायची तर चाक हलकं हवं, भलं मोठं नको. टायरची भिंत जाड राहू दे, म्हणजे दणका ती खाईल, चाक नाही खाणार. किती भार पेलेल त्याचा छाप चाकाच्या आत असतो, तो बघ. वापरलेलं काही घेऊ नकोस. प्रत्येक मेसेजला त्याने अंगठा पाठवला होता आणि शेवटी कुणा अनोळखी माणसाच्या गराजमधून महागड्या चाकांची ही जुनी नक्कल उचलून आणली होती.

"फोटोत काय दिसतात माहितीये?"

"ट्रॅकवर काय फोटो काढायला जातोयस?" मी म्हटलं.

तो हसला. राजीव औषधांच्या कंपनीत डायरेक्टर आहे. मी न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या ह्या टायरच्या दुकानात एकोणीस वर्षं चाकं बसवते, बॅलन्स करते. माझ्या वडलांचं इचलकरंजीला टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं, रबराच्या वासातच वाढले मी. पण इथल्या मराठी मंडळात ओळख करून देताना म्हणायचं काय, तर "शोभनाताई ऑटोमोटिव्हमध्ये आहेत." जणू मी एसीत बसून फाइली हलवते! गणपतीत माझ्या हातचे मोदक घेताना बायका आधी माझी नखं बघतात. आणि हायवेवर टायर बसला की पहिला फोन मलाच. शिसारी येते मला ह्या लोकांची. खरंच येते.

तरी सवयीने मी फडकं घेतलं आणि चाकं आतून पुसली. दोन चाकांवर भाराचा छाप नव्हताच. तिसऱ्याच्या आतल्या कडेला काळपट केसासारखं काही दिसलं. घासलं, जाईना. नख फिरवलं तर नख अडकलं. त्या चाकावर व्हॉल्व्हशेजारी मी मार्करचा ठिपका दिला.

"ही चीर आहे राजीव."

"ओरखडा असेल हो."

"ओरखड्यात नख अडकत नाही. बाहेरून चकाचक, आतून तडकलंय. ब्रेक तापतील, तू दीडशेच्या वेगाने वळणार, आणि हे फुटणार. मी नाही बसवणार."

"ताई, एवढंसं तर आहे! तुमचं म्हणजे ना, सगळंच डेंजरस." त्याने खिशातून कागद काढला. ट्रॅकवर गाडी उतरवण्याआधी ती कुणीतरी तपासून सही करायची, त्याचा फॉर्म. "बरं, निदान ह्यावर सही तरी करा. आपलीच माणसं आपल्याला उपयोगी नाही पडणार तर कोण पडणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आपली माणसं म्हणूनच करत नाही. आणि शेजारी कुणाला बसवू नकोस."

"उर्वी येतेय की. दुपारी फॅमिलीला राइड देता येते. ती जाम एक्सायटेड आहे यार."

उर्वी राजीव आणि मृणालिनीची मुलगी, अठरा वर्षांची. बाहेर गाडीत कानात इअरबड्स घालून बसली होती. मी तिला सांगायलाच गेले. तिने काच खाली घेतली, म्हणाली, "हाय मावशी!" मागून राजीव आलाच. आणि मी काय बोलले? "कॉलेज काय म्हणतंय?" झालं! बापासमोर पोरीला कसं घाबरवायचं, त्याचा अपमान कसा करायचा, हा आपला संस्कार. चुलीत घाला तो संस्कार.

चाकं दुसऱ्या कुठल्या दुकानाने बसवून दिली. गुरुवारी संध्याकाळी घरी आले तर राजीव आमच्या डायनिंग टेबलाशी चहा पीत होता. समोर तोच फॉर्म, आणि माझा नवरा संजय पेनाचं टोपण लावत होता.

"झालं ताई! संजयदादा मेकॅनिकल इंजिनिअर आहेत हे माझ्या लक्षातच नव्हतं," असं म्हणून राजीव गेलासुद्धा.

कराडची डिग्री. त्यानंतर एकतीस वर्षं सॉफ्टवेअर. स्वतःच्या गाडीत हवा मी भरते.

"चाक पाहिलंस तू?" मी विचारलं.

"अगं, त्याने दाखवला ना फोटो. नीट दिसत होतं."

"फोटो! चीर आतून आहे. मी तुला शनिवारी सांगितलं होतं, इथेच, जेवताना."

"शोभना, प्रत्येक गोष्टीत ताणायचं नसतं. आपल्या अमेयच्या इंटर्नशिपसाठी त्याने शब्द टाकलाय. उगाच संबंध कशाला बिघडवायचे? आणि तुला सगळंच कळतं असंही नाही."

मी पानं वाढली, पण त्याच्याबरोबर जेवायला बसवेना. भांडी घासतानासुद्धा त्याने धरलेलं ते पेन डोळ्यांसमोर येत होतं. इतका वीट मला ह्या माणसाचा तीस वर्षांत कधी आला नव्हता.

रविवारी, ट्रॅकच्या दिवशी, मी दिवसभर फोन हातात धरून बसले. राजीवला चार मेसेज केले, एकही वाचला नाही. तीनच्या सुमाराला मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. सोनेरी चाकं उन्हात झळकतायत, राजीवने दोन बोटं वर केलीयत, शेजारी हेल्मेट घातलेली उर्वी हसतेय. खाली राजीवने लिहिलं होतं, "काही लोक म्हणत होते चाक फुटणार!" त्यावर हसऱ्या तोंडांची रांग. त्यात एक तोंड संजयचं.

आणि खरं सांगू? तो फोटो बघून माझा आधी हिरमोड झाला. पोरगी धडधाकट हसतेय, आणि मी खट्टू, कारण मी खोटी ठरले. क्षणभरच, पण झालं तसं. शी! मग मात्र स्वतःचीच किळस आली.

त्या किळसेनेच मला उठवलं. उद्या सकाळी राजीव ह्याच चाकांवर उर्वीला कॉलेजला सोडणार होता. मी जॅक आणि पाना गाडीत टाकला. संजय म्हणाला, "कशाला जातेस आता? अजून हसं करून घ्यायला?" मी गाडी काढली.

दिवेलागणीला ते नुकतेच परतले होते. राजीवने दारातूनच हात जोडले. "ताई, माफ करा, गंमत केली. आत या, मृणालिनीने पावभाजी केलीय."

"मला पुढचं उजवं, ठिपक्याचं चाक बघू दे. पाच मिनिटं."

"अहो, झालं ना सगळं नीट!"

"मग बघायला काय हरकत आहे?"

मी जॅक लावला आणि चाक काढून ड्राइव्हवेवर उलटं ठेवलं. ब्रेकच्या काळ्या भुकटीने ते आतून माखलं होतं. फडकं ओलं करून पुसलं. आठ दिवसांपूर्वी नखाएवढी असलेली चीर आता माझ्या पंजाएवढी झाली होती आणि कडेवरून वळून बाहेरच्या बाजूला निघाली होती. राजीव वाकला. चाकाला हात लावायला गेला आणि मागे घेतला.

उर्वी अनवाणीच बाहेर आली. "मावशी, इज दॅट अ क्रॅक?"

"हो. मागच्या आठवड्यात एवढीशी होती. तुझ्या बाबांना मी सांगितलं, तुला नाही सांगितलं. चुकलं माझं. तुलाच सांगायला हवं होतं."

तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बट संजयकाका साइन्ड इट. आय सॉ द फॉर्म."

मला खोटं बोलता आलं असतं. त्याच्या हातून चूक झाली, त्याला ठाऊक नव्हतं, असं काहीतरी.

"हो," मी म्हटलं. "त्याने चाक पाहिलं नव्हतं. आणि त्याला मी सांगितलं होतं."

ती गराजमध्ये गेली आणि गाडीची कंपनीची जुनी चाकं एकेक करून घरंगळत माझ्यापर्यंत घेऊन आली. मी एका गुडघ्यावर बसून ती चढवायला लागले. राजीव मोबाइलचा दिवा धरून शेजारी उभा होता. पण बघत होता त्या चिरेकडे, आणि उजेडही तिकडेच जात होता. मी हाताने चाचपूनच एकेक नट आवळत गेले.