टिचबटणांचा शर्ट

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरातसुद्धा ते कधी कुणाला उघड्या अंगानं दिसले नव्हते. दोन्ही किडन्या गेल्या, छातीत डायलिसिसची नळी बसवली, आणि आठवड्यातून तीनदा सांगलीच्या दवाखान्यात शर्ट काढून चार तास पडून राहणं नशिबी आलं. मुलगा जयराज लडाखला. इस्लामपूरहून त्यांना घेऊन जायची ती सून, दीपमाला. ते चादरीखाली कुडकुडत असायचे आणि ती चहा घेऊन आत आली की भिंतीकडे तोंड फिरवायचे.

दीपमाला घरी ब्लाउज शिवायची. एका रविवारी तिनं त्यांचा निळा शर्ट उजव्या खांद्याखाली उभा कापला, वर कापडाचं झाकण शिवलं आणि त्याला टिचबटणं लावली.

"आबा, आता शर्ट काडायचा न्हाई. एवढंच वढायचं, नळी भायेर."

त्यांनी शर्ट उलटापालटा करून पाहिला. "हे कुनी शिकीवलं गं?"

"कुनी न्हाई. तुमी थंडीनं कापत हुता, बगवंना मला."

मंगळवारी सिस्टरनं बटणं दोनदा उघडली, दोनदा लावली. "कुणी शिवला, बाबा?"

"लेकीनं," आबा म्हणाले.

दीपमाला चहा घेऊन दारात उभी होती. ती तशीच मागं फिरली आणि बाहेरच्या बाकावर बसून रडली. तिचे वडील ती सहा वर्षांची असतानाच गेले होते.

तिनं तसेच आणखी तीन शर्ट शिवले. आबा आता तिच्याकडे तोंड करून पडायचे, फौजेतलं काहीबाही सांगायचे.

श्रावणातल्या एका सकाळी सांगलीला निघता निघता आबा अंगणातच कोसळले. शेजाऱ्याच्या गाडीतून तिनं त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. नर्सनं कात्री उचलली.

"बटनं हायती! नुसतं वढा!" दीपमाला ओरडली. ऐकायला कुणाला सवड नव्हती. शर्ट गळ्यापासून खालपर्यंत कापला गेला आणि दार लागलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले, ते खाली बघतच.

जयराज सावडायच्या दिवशी पोचला. दवाखान्यानं पिशवीत घालून दिलेला शर्ट दीपमालाच्या मांडीवर होता.

"कात्रीनं न्हाई गेलं आबा," तो म्हणाला. "हार्ट बंद पडलं हुतं."

"म्हाईत हाय मला. पर त्यास्नी उगडं केलं, समद्यांम्होरं. मी दारात हुते, आन मला थांबवता आलं न्हाई."

जयराज तिच्याशेजारी खाली बसला.

महिन्याभरानं सांगलीच्या सिस्टरचा फोन आला. तिघा पेशंटना तसे शर्ट हवे होते. मापं पाठवू का, तिनं विचारलं.

"माज्याच्यानं न्हाई व्हायचं, सिस्टर," एवढं बोलून दीपमालानं फोन ठेवला.

दिवाळी आली. बायका ब्लाउजची कापडं घेऊन दारात आल्या. दीपमालानं त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडं पाठवलं.