मिरवायचा झगा
जन्मभर शिंपीकाम केलेल्या सासऱ्यांना सुनेचा उतरलेला चेहरा बघवेना. तिच्या छोट्या कंपनीचा ऑनलाइन खेळ फुकट होता; कमाई व्हायची ती जास्त धारदार तलवारी विकून. पण त्यामुळे पैसेवालेच जिंकू लागले आणि बाकीचे खेळाडू कंटाळून पांगले.

सासऱ्यांनी स्वतः खेळून पाहिलं. दोन मिनिटांत एका महागड्या तलवारवाल्याने त्यांना आडवं केलं.

“अगं, जिंकणंच विकत मिळतंय, तर खेळायचं कशाला?” ते म्हणाले. “तू मिरवणं विक. मिरवायला माणूस हसत हसत खिशात हात घालतो, हे मी चाळीस वर्षं बघत आलोय.”

सुनेने ऑफिसात ही गोष्ट लावून धरली. तलवारी सगळ्यांना सारख्या मिळाल्या आणि सासऱ्यांनी कागदावर काढून दिलेला चुण्यांचा लाल झगा खेळातल्या योद्ध्यांसाठी विक्रीला आला. महिन्याभरात मैदान गजबजलं. झग्यावर तर नुसत्या उड्या पडल्या.

आता सासरेही तोच झगा घालून खेळतात आणि अजूनही हरतात. परवा एका अनोळखी खेळाडूने त्यांना लोळवलं आणि वर लिहिलं, “झगा मात्र झकास आहे हं!”

सासऱ्यांनी एका बोटाने सावकाश उत्तर टाइप केलं, “शिंपी ओळखीचा आहे.”